जत्रेच्या दिवशी घर

दुपारचे अडीच वाजलेत. लंडनमधल्या पिनरच्या हाय स्ट्रीटचा उतार वरच्या चर्चपासून खालच्या पुलापर्यंत माणसांनी भरलाय. एरवी मोटारी जातात त्या रस्त्याच्या मधोमध आज लाल-पांढऱ्या पट्ट्यांची उंच गोल घसरगुंडी उभी आहे. तिच्या खालच्या अंगाला लहान पोरांचे फिरते घोडे, त्याच्याही खाली एकमेकांवर आदळणाऱ्या छोट्या मोटारी. क्वीन्स हेड या जुन्या पबच्या काळ्या तुळया आणि फिरता पाळणा यांच्यात फार जागा नाही, पाळणा वळला की काचांवर सावली पडून जाते. जनरेटर घरघरतायत. कांदा परतल्याचा वास, त्यात जळक्या साखरेचा वास. लेकीच्या हातात काडीवर गुंडाळलेले म्हातारीचे केस आहेत आणि ते तिच्या स्वतःच्या केसांनाही लागलेत. माझ्या हातात फोन आहे. तो मी पर्समध्ये ठेवत नाही, कारण या गोंगाटात वाजला तर ऐकू यायचा नाही.

आज आमच्या घराचं एक्स्चेंज आहे. म्हणजे व्हायला हवं.

एकोणीस आठवडे झाले. इंग्लंडात घर पसंत पडतं, किंमत ठरते, दोन्हीकडून हो म्हटलं जातं, आणि तरीही त्या शब्दाला कायद्याने काही किंमत नसते. सह्या केलेले करार दोन्ही वकिलांनी अदलाबदल केले की मगच माणूस बांधला जातो. तोवर विकणारा दुसऱ्या कुणाचे जास्त पैसे घेऊन मोकळा होऊ शकतो, घेणाराही आदल्या रात्री मागे फिरू शकतो. आमचं याआधीचं एक घर असंच गेलं. सर्व्हेचे पैसे भरून झालेले, पडद्यांची मापं घेऊन झालेली, आणि एका शुक्रवारी एजंटचा दोन ओळींचा ईमेल. तेव्हापासून मी कुठल्याही घराची मापं घेत नाही.

शिवाय ही साखळी आहे, इथे चेनच म्हणतात. आमचा रेनर्स लेनचा फ्लॅट एक तरुण जोडपं घेतंय. त्यांचं ते पहिलं घर. आम्ही या उतारावरचं हे घर घेतोय. या घरातल्या आजीबाई डेव्हनमध्ये लेकीजवळचा एक बंगला घेतायत. तिघांचं एकाच दिवशी, एकामागून एक व्हायला हवं, एक कडी निसटली की सगळंच सुटतं. वकील मंडळी हे फोनवर करतात. लॉ सोसायटीने त्यासाठी ठरवून दिलेले मजकूर आहेत, त्यांना ए, बी आणि सी अशी नावं आहेत. साखळी असली की सी. खालच्या टोकाचा वकील वरच्याला सांगतो, माझं अशील तयार आहे, अमुक वाजेपर्यंत. त्याला रिलीज देणं म्हणतात. मग वरचा वकील त्याच्या वरच्याला. आमच्या सॉलिसिटरबाईंनी सकाळी सांगितलंय की रिलीज पाच वाजेपर्यंत आहे. पाचला संपलं की उद्या पुन्हा पहिल्यापासून.

हा, म्हणजे माझा नवरा, लेकीला घेऊन घसरगुंडीच्या रांगेत उभा आहे. "तू जा आत, त्या वाट बघतायत," असं मला हाताने खुणावतो.

दुकानांच्या ओळीत मधूनच एखादं राहतं घर आहे, तसं हे. समोरून बघाल तर साधी विटांची भिंत, दोन खिडक्या, खाली वाकून जावं लागेल असं दार. दाराला लागूनच एका बदकांच्या खेळाचं दुकान थाटलंय. पाण्यात फिरणारी पिवळी बदकं आकड्याने उचलायची, बक्षीस ठरलेलंच. दुकानदार साठीचा, टोपी घातलेला. मी दाराशी पोचते तेव्हा तो बाजूची पेटी सरकवून मला वाट करून देतो, जणू हे दार त्याच्या राखणीत आहे.

आजीबाई दार उघडतात. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, आणि या घरात चव्वेचाळीस वर्षं. गुलाबी स्वेटर, पायात चपला नाहीत, जाड मोजे. "जत्रेच्या दिवशी दार बंद ठेवून बसायचं नसतं," त्या म्हणतात आणि मला आत घेतात. आज सगळी रीत मोडून त्यांनी आम्हाला चहाला बोलावलंय. घेणारा आणि विकणारा यांनी परस्पर भेटू नये असंच एजंटला वाटत असतं.

दार मिटलं तरी जत्रा आत येते. पाळण्याचे लाल-निळे दिवे छतावर फिरतायत. छत हाताला लागेल एवढं खाली, आणि त्यातून गेलेली ओकची जाड तुळई काळी नाही, राखाडी-तपकिरी आहे. काळा रंग नंतरच्या लोकांनी लावायला घेतला, तो आजीबाईंच्या नवऱ्याने हिवाळे घालवून हलक्या हाताने उतरवला. त्या मला तुळई आणि खांब जुळतात तिथे बोट ठेवायला सांगतात. लाकडात छिन्नीने काही कोरलंय. तीन उभ्या रेघा. शेजारच्या सांध्यावर एक फुली आणि एक रेघ. हे सुतारांचे आकडे. लाकडी सांगाडा आधी सुताराच्या अंगणात जुळवून बघायचे, प्रत्येक सांध्याला नंबर घालायचे, मग सगळा सुटा करून जागेवर आणून पुन्हा उभा करायचे. खुंट्या लाकडाच्याच. खिळा नाही.

आणि त्या सांगाड्यामधल्या जागा कशाने भरल्या होत्या ते जिन्याखाली दिसतं. तिथे त्यांनी गिलाव्याचा एक हातभर तुकडा मुद्दाम उघडा ठेवलाय, वर काच बसवलीय. उभ्या काठ्या, त्यात विणलेल्या आडव्या डहाळ्या, त्यावर माती, शेण आणि पेंढा यांचा लेप. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा सर्व्हेअर मला ते समजावून सांगायला लागला होता आणि मला हसू आवरेना. माझं आजोळ राजापूरकडचं. कूड म्हणजे काय हे मला सांगावं लागत नाही. तिकडे कारवीच्या काठ्या, इथे हेझलच्या. तिकडे दर वर्षी आजी भिंत सारवायची. इथे वरून चुना.

त्या सर्व्हेअरबद्दल सांगायला हवं, कारण या घराचं खरं वाचन त्याच्याकडून मला मिळालं. जुन्या घराला साधा सर्व्हे चालत नाही, सगळ्यात सविस्तर, तिसऱ्या पातळीचा करावा लागतो. तो दिवसभर इथे होता. पोटमाळ्यावर, जिन्याखाली, बाहेर गुडघ्यांवर बसून भिंतीच्या पायाशी. एका छोट्या हातोडीने लाकूड वाजवायचा आणि कान लावायचा. भरीव आवाज आला की मान हलवायचा. मागच्या भिंतीपाशी आवाज पोकळ आला. पायातलं आडवं लाकूड, ज्यावर सगळे खांब उभे असतात, ते दीड मीटरभर कुजलंय. कारण विचारलं तर त्याने बाहेरची भिंत दाखवली. कधीतरी कुणीतरी, चांगल्या हेतूने, जुन्या चुन्याच्या जागी सिमेंट भरलं. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट ओल आत कोंडतं, आणि कोंडलेली ओल लाकडात जाते. तीनशे पावसाळे काढलेलं लाकूड पुढच्या चाळीस वर्षांत गेलं. "हे घर श्वास घेतं, त्याचं नाक दाबू नका," तो म्हणाला. पुढचं वर्षभर आम्ही पहिल्यांदा तेच करणार आहोत. सिमेंट खरवडून काढायचं आणि चुना परत आणायचा.

तेही विचारून. घर लिस्टेड आहे, दुसऱ्या श्रेणीचं. म्हणजे समोरचा दर्शनी भागच तेवढा नव्हे, आतला जिना, दरवाज्याची कडी, तुळया, सगळंच कायद्याच्या कक्षेत. 1990 च्या कायद्याप्रमाणे परवानगीवाचून त्याच्या रूपात बदल केला तर तो फौजदारी गुन्हा. वर हा सगळा उतार संवर्धन क्षेत्रात येतो. अशी क्षेत्रं ठरवायचा अधिकार 1967 च्या कायद्याने आला. त्यामुळे मागच्या अंगणातलं सफरचंदाचं झाड लिस्टेड नसलं तरी तोडायचं झालं, तर सहसा सहा आठवडे आधी काउन्सिलला कळवावं लागतं.

आमचं सगळं अडलं होतं ते एका खिडकीवरून.

आजीबाई मला तीच दाखवायला वर नेतात. जिना अरुंद, दोरी धरून चढायचा. मागच्या खोलीला पांढऱ्या प्लास्टिकची, दुहेरी काचेची खिडकी आहे. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याला छातीचा दमा होता, खोली गार पडायची, म्हणून बसवली. परवानगी घ्यायची असते हे त्यांना माहीत नव्हतं. आणि या कायद्यात मुदत संपत नाही. तीस वर्षांनीही काउन्सिल नोटीस काढू शकतं, आणि ती नोटीस ज्याचं घर असेल त्याला येते. खिडकी बसवणाऱ्याला नव्हे, आम्हाला. वकिलांची पत्रं सहा आठवडे फिरली. विम्याची गोष्ट निघाली. अखेर आम्हीच काउन्सिलच्या संवर्धन अधिकाऱ्याकडे जायचं ठरवलं, लाकडी खिडकीचा आराखडा घेऊन, आणि किमतीतून खिडकीचे पैसे वजा झाले.

"मला फार वाईट वाटलं," आजीबाई म्हणतात. खिडकीच्या चौकटीवर हात ठेवून उभ्या आहेत. "पण त्याला त्या हिवाळ्यात झोप लागली."

मी त्यांना सांगते की तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत. मला खरोखर तसं वाटतं. आणि तरीही नवी खिडकी लाकडाचीच हवी, हेही मला वाटतं. दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी आहेत.

मित्रमंडळींना आमचं हे वेड कळत नाही. रेनर्स लेनला, केंटनला, हॅरोला आमची किती माणसं आहेत. हॅरो बरोमध्ये 2021 च्या जनगणनेप्रमाणे दर चार माणसांमागे एकाहून जास्त भारतीय मुळाचा आहे. बहुतेकांची घरं दोन महायुद्धांच्या मधली, जोडघरं, पुढे अर्धगोल खिडकी, मागे बाग. मेट्रोपॉलिटन रेल्वे 1885 साली पिनरला पोचली. कंपनीकडे रुळांलगतच्या जमिनी होत्या, तिने स्वतःच वसाहती उभारल्या, आणि 1915 मध्ये जाहिरात खात्याने या पट्ट्याला नाव दिलं, मेट्रोलँड. दोन दशकांत शेतं घरांखाली गेली. ती घरं चांगली आहेत, प्रशस्त आहेत, मागे खोली वाढवता येते, आईवडील आले तर त्यांची सोय होते. "तिथे भिंतीला खिळा मारायला विचारायचं? पैसे आपले ना?" एक मैत्रीण म्हणाली. साडेसात लाख पौंड. त्यावर साडेसत्तावीस हजार पौंड स्टॅम्प ड्यूटी. पैसे आपलेच, आणि पुढच्या पंचवीस वर्षांचे.

मी तिला वाईची गोष्ट सांगितली नाही. इथे सांगते. गणपती आळीतला आमचा वाडा 1998 साली पाडला. सागवानी खांब, तीन बाजूंनी सोपा, मधे चौक, चौकात तुळस. भाऊबंद सहा, त्यातले चार पुण्या-मुंबईला, दुरुस्तीला पैसे कुणाकडे नाहीत. बिल्डरने प्रत्येकाला एकेक फ्लॅट देऊ केला. कुणाचंही काही चुकलं नाही. मी तेव्हा कॉलेजात होते, पाडकामाच्या दिवशी गेले होते. खांब ट्रकमध्ये चढवताना दिसले आणि त्यातल्या एकावर आम्हा भावंडांच्या उंचीच्या खुणा होत्या. ते लाकूड कुठे गेलं, कुणाच्या हॉटेलात लागलं, कोण जाणे. तो दिवस आठवला की एकच गोष्ट टोचते. साऱ्या गावात, सरकारात, घरात, "थांबा, जरा विचार करा" म्हणणारं एकही माणूस नव्हतं, एक कागद नव्हता. इथे तो कागद आहे. तो त्रासदायक आहे, खर्चिक आहे. मला तो हवाय.

पण त्याची दुसरी बाजूही या उतारावर रोज दिसते, ती झाकून कसं चालेल. या गावात वाढलेली मुलं इथे घर घेऊ शकत नाहीत. आजीबाईंची लेक डेव्हनला गेली ती त्याचमुळे, आणि आता लेकीमागे आई चालली. जुनं जपलं की किंमत चढते, किंमत चढली की ज्यांच्यामुळे ते जुनं जिवंत होतं ती माणसं हलतात. आमच्यासारखी येतात. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

साडेतीन. फोन गप्प.

खिडकीतून चर्चचा मनोरा दिसतो. सेंट जॉन द बॅप्टिस्टचं हे चर्च 1321 मध्ये अर्पण झालं, भिंती गारगोटीच्या. गावाची जत्रा मुळात त्याच संताची. पिनर तेव्हा हॅरोच्या जहागिरीत होतं, जहागीर कॅन्टरबरीच्या आर्चबिशपची, आणि 1336 साली तिसऱ्या एडवर्ड राजाने त्याला इथे बाजार आणि जत्रा भरवायची सनद दिली. तेव्हा आपल्याकडे देवगिरीचं यादवांचं राज्य बुडून जेमतेम दोन दशकं झाली होती. संताचा सण जूनमधला. आता जत्रा मेअखेरच्या बँक हॉलिडेनंतरच्या बुधवारी भरते, शाळांना सुट्टी असते. बाकी मला नवं काही वाटत नाही. ग्रामदैवत आहे, उतारावर देऊळ आहे, पाळणे आहेत, मिठाई आहे, हरवलेली पोरं आहेत.

चर्चच्या आवारात एक थडगं आहे, उंच दगडी सुळका आणि त्याच्या मधल्या उंचीवरून दगडी शवपेटीची टोकं दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली. बागांवर पुस्तकं लिहिणारे जॉन क्लॉडियस लाउडन यांनी आईवडिलांसाठी बांधलेलं. प्रेतं जमिनीच्या वर असेतो वारसाहक्काचे पैसे मिळणार होते, अशी कथा गावात सांगतात. आजीबाई म्हणतात, त्यावर विश्वास ठेवू नका, पण लेकीला मात्र जरूर सांगा.

त्याच चर्चवरून आमच्या वकिलीणबाईंनी एक चौकशी केली होती. इंग्लंडात काही जमिनींवर मध्ययुगापासूनचं बंधन आहे की चर्चच्या गाभाऱ्याची दुरुस्ती त्या जमिनीच्या मालकाने करायची. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावच्या एका जोडप्याला हे बंधन थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत घेऊन गेलं आणि 2003 मध्ये निकाल त्यांच्याविरुद्ध लागला. आमच्या घरावर तसं काही नाही. तो कागद आला त्या रात्री मी हायसं वाटून झोपले.

चार वाजून वीस मिनिटं. खाली चहा होतो. हा आणि लेक आत येतात, लेकीच्या हातात बदकाच्या दुकानातलं बक्षीस, एक हिरवं कापडी कासव. ती थेट जिन्याखालच्या काचेशी जाऊन बसते. "आई, ही भिंत तुझ्या आजोळच्यासारखी आहे ना?" तिने ते घर फोटोतच पाहिलंय.

चार बत्तीस. फोन हातात थरथरतो. मी उठून मागच्या दारात जाते, जिथे आवाज कमी आहे.

"एक्स्चेंज झालं. चार एकोणतीसला. ताबा सत्तावीस जूनला."

मी वळून मान हलवते. हा काही बोलत नाही, फक्त पेला खाली ठेवतो. आजीबाई खुर्चीच्या हातावर दोन्ही तळवे दाबून बसल्यात. त्या खिडकीकडे बघतात, पाळण्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावरून एकदा लाल, एकदा निळा होऊन जातो. चव्वेचाळीस वर्षं मिनिटभरात दुसऱ्याची झाली. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसते. काय बोलावं सुचत नाही, म्हणून त्यांचा हात धरते. हात गार आहे.

थोड्या वेळाने त्याच उठतात. "चला, एक काम राहिलं," म्हणतात. स्वयंपाकघरातून किटली भरून आणतात, उकळतं पाणी, आणि मला कपाटातला मोठा पत्र्याचा मग काढायला सांगतात, कडेला निळी रेघ असलेला. आम्ही दोघी पुढच्या दारात जातो.

बदकवाल्याच्या बापाचं दुकान इथेच लागायचं. जत्रेतल्या जागा अशाच असतात, त्याच कुटुंबाकडे, वर्षानुवर्षं. मंगळवारी संध्याकाळी यायचं, बुधवारी रात्री उशिरा गुंडाळायचं, गुरुवारी सकाळी रस्ता रोजच्यासारखा. चव्वेचाळीस वर्षांत भरलेल्या एकाही जत्रेत दुकानावरचा चहा या दारातून चुकलेला नाही.

"ही," आजीबाई त्याला सांगतात आणि माझ्या खांद्यावर हात ठेवतात. "पुढच्या वर्षीपासून ही."

तो टोपी काढतो. माझ्याकडे नीट बघतो, मग मगाकडे.

"दूध जरासं," तो म्हणतो, "साखर दोन चमचे."

मागून लेक विचारते की बदकांना रात्री कुठे ठेवतात. तो तिला पेटी उघडून दाखवतो.